शाळेच्या १,२०० पँटी परत आल्या : शिलाईच्या कारखान्यात दर्जा नेमका कुठे राखायचा?

टाकेदार, सोलापूर

नमस्कार मंडळी. सोलापुरात माझा शालेय गणवेशाचा छोटा कारखाना आहे. २८ मशीन, कटिंगचं एक मोठं टेबल, काज-बटण, प्रेस आणि पॅकिंग. फेब्रुवारीपासून जूनच्या मध्यापर्यंत आमची सुगी. १५ जूनला शाळा भरली की मागे राहिलेला गणवेश पुढच्या वर्षापर्यंत गोदामात पडून राहतो, म्हणून एप्रिल-मे म्हणजे रात्रीचा दिवस.

या मे महिन्यात एका पार्टीच्या १,२०० नेव्ही ब्लू फुल पँटी परत आल्या. त्यांचा तपासनीस आला, वेगवेगळ्या खोक्यांतून ८० नग काढले आणि दोन तासांत ९ नग बाजूला ठेवले. ५ पर्यंत चालले असते. ४ पँटींत पुढचा आणि मागचा भाग वेगळ्या छटेचा होता. ३ पँटींची आतली लांबी चालवून घ्यायच्या फरकापेक्षाही जास्त भरली. २ पँटींची बैठकीची शिलाई हाताने ताणल्याबरोबर उसवली.

त्या संध्याकाळी मी शेवटच्या टेबलावरच्या तिघी चेकर बायकांना सगळ्यांसमोर बोललो. "तुमच्या डोळ्यांखालून हे गेलंच कसं?" असं विचारलं. त्या काही बोलल्या नाहीत. मग आम्ही सगळे मिळून १,२०० पँटी पुन्हा तपासायला बसलो. त्यात तीन दिवस गेले. त्या तीन दिवसांत मला जे दिसलं, त्यासाठी चर्चेचा हा धागा काढतोय.

आधी छटेचं. कापड दोन वेगवेगळ्या रंगाई लॉटचं आलं होतं. थानावर लॉट नंबर होते, पण कटिंग मास्टरने एकाच लेमध्ये, म्हणजे एकदम कापायला एकावर एक अंथरलेल्या थरांत, दोन्ही लॉटची थानं अंथरली. एरवी प्रत्येक पदरावर, म्हणजे थरावर, नंबरचं स्टिकर लागतं, म्हणजे ३७ नंबरच्या पदराचा पुढचा भाग ३७ च्याच मागच्या भागाला जोडला जातो. त्या दिवशी घाईत स्टिकर लावलेच नाहीत. स्टिकरचा एक तास वाचवला, आणि तो मास्टरला मीच वाचवायला सांगितला होता. ट्यूबलाइटखाली नेव्ही ब्लूच्या दोन छटा मलाही वेगळ्या दिसत नव्हत्या. पँट अंगणात उन्हात नेली तेव्हा फरक दिसला.

लांबीचा गुंता सुटायला दीड दिवस लागला. पॅटर्न बरोबर, कटिंग बरोबर, तरी बॉटम दुमडल्यावर लांबी जास्त. शेवटी बॉटम दुमडणाऱ्या बाईची मापपट्टी घेऊन स्टीलच्या फूटपट्टीवर ठेवली. पट्टीवरच्या २८ इंचाच्या खुणेपाशी फूटपट्टी २८ इंच आणि वर जवळजवळ तीन सूत दाखवत होती. रोज गळ्यात अडकवून, ओढून ती ताणली गेली होती. त्या बाईने प्रत्येक पँट प्रामाणिकपणे मोजली होती. मोजायला मी दिलेलं साधनच खोटं होतं.

माझा आतापर्यंतचा समज असा होता की शेवटचं टेबल कडक ठेवलं की दर्जा सांभाळला जातो. आता वाटतं, त्या टेबलापर्यंत पँट पोचते तोवर जे व्हायचं ते होऊन गेलेलं असतं. तिथल्या बाईच्या हातात फक्त बरं-वाईट वेगळं करणं उरतं. तिघींची मी माफी मागितली आहे.

विचारायचंय ते हे, की छोट्या कारखान्याने पहिल्यांदा काय बसवावं? मोठ्यांसारखी प्रयोगशाळा मला परवडणार नाही.

कापूसगाठ, इचलकरंजी

वाचतोय. मापपट्टीचं वाचून आमच्या सगळ्या पट्ट्या आत्ताच स्टीलपट्टीवर ठेवून पाहिल्या. ११ पैकी २ कापून टाकल्या.

नमुनेवाला, नाशिक

टाकेदार, त्या ८० आणि ५ च्या आकड्यांबद्दल थोडं सविस्तर लिहितो, कारण बहुतेक कारखानदार त्यांचा उलटा अर्थ लावतात.

हे आकडे आयएसओ २८५९-१ या नमुना तपासणीच्या आंतरराष्ट्रीय मानकातल्या कोष्टकातले. ५०१ ते १,२०० नगांच्या लॉटला, म्हणजे एकदम तपासायला दिलेल्या मालाला, तपासणीच्या सर्वसाधारण दुसऱ्या पातळीवर ८० चा नमुना. मोठ्या दोषांसाठी एक्यूएल (शंभरामागे चालवून घ्यायच्या दोषांचं ठरवलेलं प्रमाण) २.५ धरला तर ५ पर्यंत पास आणि ६ ला नापास. किरकोळ दोषांसाठी बहुधा ४.० धरतात, तिथे ७ पर्यंत पास. सुईचा तुकडा, टोकदार धातू, बुरशी अशा गंभीर दोषाला मात्र शून्य, एक सापडला तरी लॉट अडतो. कपड्याच्या धंद्यात २.५ आणि ४.० ही जोडी इतकी रुळली आहे की लोकांना तो कायदाच वाटतो. प्रत्यक्षात ते पार्टी आणि कारखाना यांच्यात ठरवायचे आकडे आहेत.

मुळात ही पद्धत युद्धाच्या काळातली. अमेरिकेतल्या बेल लॅब्ज या टेलिफोन कंपनीच्या प्रयोगशाळेत हॅरोल्ड डॉज आणि हॅरी रोमिग यांनी नमुना तपासणीचं गणित उभं केलं, दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या सैन्याने ते दारूगोळ्याच्या खरेदीला वापरलं, आणि १९५० मध्ये ते मिल-स्टँडर्ड १०५ या लष्करी मानकाच्या नावाने पक्कं झालं. तोफगोळा उडवून पाहिला की संपतो, सगळे तपासता येत नाहीत, म्हणून नमुना. आपण ती सवय पँटींना लावली.

आता मुख्य मुद्दा. तुमच्या लॉटमध्ये शंभरात ५ पँटी खराब असत्या, तर ८० च्या नमुन्यातून तो लॉट जवळपास पाचात चार वेळा पास झाला असता. शंभरात १० खराब असत्या तरी पाच-सहा वेळांत एकदा सुटला असता. म्हणजे पास झालेला लॉट चांगलाच आहे असं कोष्टक कधीच म्हणत नाही. आणि तुम्ही नापास झालात याचा अर्थ तुमच्या लॉटमध्ये खराबी बरीच होती, निव्वळ नशीब वाईट म्हणून ८० त ९ निघत नाहीत. पुन्हा तपासताना एकूण किती सापडल्या?

टाकेदार, सोलापूर

@नमुनेवाला, १३१. शंभरात जवळजवळ ११. त्यातल्या ५८ छटेच्या. याआधीचे जे लॉट पास झाले त्यांत काय काय गेलं असेल, या विचाराने झोप उडाली आहे.

बॉबिनवाली, पुणे जिल्हा

मी १४ वर्षं मशीनवर आहे. पहिली नऊ वर्षं पिसावर, म्हणजे नगामागे मजुरीवर, आता पगारावर. धाग्यात कारागिराच्या बाजूने कुणी लिहिलेलं नाही, म्हणून लिहिते.

दादा, तुम्ही चेकर बायकांची माफी मागितलीत हे वाचून बरं वाटलं. आता मशीनवरच्या बायकांकडेही बघा. पिसावर काम करणारीला पैसे मोजलेल्या नगाचे मिळतात. अल्टर, म्हणजे दुरुस्तीचा नग, परत आला की उसवायला दुप्पट वेळ, आणि त्याचा पैसा शून्य. मग ती काय करते? समोर आलेल्या भागाची छटा वेगळी दिसली तरी जोडून पुढे ढकलते. थांबून मास्टरला हाक मारली तर दहा मिनिटं जातात आणि वर "तुला काय करायचंय, तू शिव" हे ऐकून घ्यावं लागतं. मी स्वतः असे भाग जोडलेले आहेत. तेव्हा घरात दोन लहान मुलं होती आणि आठवड्याला हातात किती येतात ते मोजूनच भाजी घ्यायची होती.

म्हणून नियम असा करा. कटिंगमधून किंवा कापडातून आलेला दोष कारागिराने दाखवला, तर थांबलेल्या वेळाचे पैसे तिला मिळाले पाहिजेत. तिच्या हातून झालेला दोष तिनेच दुरुस्त करावा, त्याबद्दल आमची तक्रार नाही. पण दोष कुणाचा हे ठरवायला बंडलला तिकीट हवं. कोणतं बंडल कुणी कोणत्या क्रियेला शिवलं हे तिकिटावर असलं की आरडाओरडा होत नाही, सरळ त्या मशीनशी जाता येतं. आणि तिथे गेल्यावर आधी मशीन बघा, मग बाई. निम्म्या वेळा सुईचं टोक बोथट झालेलं असतं नाहीतर कापड पुढे ढकलणाऱ्या दातांचा घास वाकडा असतो.

आता त्या बैठकीच्या शिलाईबद्दल. साध्या लॉकस्टिचने (वरचा आणि खालचा दोरा एकमेकांत अडकवणाऱ्या नेहमीच्या टाक्याने) एकच टीप मारली असणार आणि दोऱ्याचा ताण घट्ट ठेवला असणार. लॉकस्टिचला ताण सोसत नाही. मुलगा बेंचवर बसला, वाकला, उडी मारली की बैठकीचं कापड ताणतं आणि दोरा तुटतो. तिथे चेनस्टिच (दोऱ्याचे फास साखळीसारखे गुंतवणारा टाका) हवी, दोन सुयांची असली तर उत्तम, कारण खालचे फास थोडे सैल पडून शिलाई ताणू देतात. चेनस्टिच मशीन नसेल तर ताण सैल करून दुहेरी टीप मारा. आमच्याकडे बैठक जोडणारी बाई प्रत्येक बंडलमधली एक पँट दोन्ही मुठींत धरून कचकन ओढते. कर्र असा बारीक आवाज आला की टाका तुटला. कानाला सवय झाली की डोळ्यांच्या आधी कळतं.

चेन्नई_एक्सप्रेसवे, तिरुपूर

मूळचा मी कराडचा, गेली १२ वर्षं इथे होजिअरीच्या कारखान्यात दर्जा विभागात आहे. बॉबिनवाली ताई, तुमच्या प्रतिसादाची प्रिंट काढून आमच्या लाइन सुपरवायझरांना भाषांतर करून वाचून दाखवणार आहे.

टाकेदार, तुम्ही पहिल्यांदा काय बसवावं असं विचारलंय. माझं उत्तर : कापड आत येतं ते दार. वर्षाकाठी सगळ्यात स्वस्त पडणारी तपासणी तिथली. खराब पँटीत शिलाई, बटण, चेन, प्रेस सगळं ओतलेलं असतं. खराब थान फक्त परत करायचं असतं.

चार-गुण पद्धत शिका, एका दुपारचं काम आहे. कापडातला दोष ३ इंचांपर्यंत असेल तर १ गुण, ६ पर्यंत २, ९ पर्यंत ३, त्याहून लांब असेल तर ४. एका वारात ४ पेक्षा जास्त गुण द्यायचे नाहीत. मग १०० चौरस वारांमागे किती गुण ते काढायचं. समजा ५८ इंच पन्ह्याचं १०० वार थान आहे आणि त्यात ५२ गुण निघाले. ५२ ला ३,६०० ने गुणा, आलेल्याला ५८ गुणिले १०० ने भागा, उत्तर साधारण ३२. बाजारात ४० पर्यंत सहसा घेतात, तुम्ही तुमच्या कापडवाल्याशी आधीच लेखी ठरवा. तपासणीचं मशीन नसेल तर खिडकीसमोर तिरकं टेबल लावून वरून कापड ओढलं तरी चालतं. आलेल्या मालातली निदान दहा टक्के थानं पाहा.

छटेसाठी मी सांगतो ते उद्यापासून करता येईल. प्रत्येक थानाच्या टोकाचा वीतभर चौकोन कापा, मागे खडूने थान नंबर लिहा, आणि सगळे चौकोन एकमेकांना शिवून गोधडी करा. थेट उन्हात नाही, दिवसाच्या सावलीत, म्हणजे उत्तरेकडच्या उजेडात, ती भिंतीला लावून बघा. शेजारी शेजारी शिवलेले असले की फरक लपत नाही. मग थानांचे अ, ब, क असे गट पाडा आणि एका लेमध्ये एकच गट अंथरा. हीच गोधडी एकदा धुऊन पुन्हा बघा. काही रंग धुतल्यावर वेगळे होतात. आणि दुकानाच्या दिव्याखाली जुळणारे दोन तुकडे उन्हात फुटतात हे तर तुम्ही अंगणात अनुभवलंच. आमच्याकडे त्यासाठी दोन-तीन प्रकारच्या दिव्यांची पेटी असते. तुमच्यासाठी अंगण आणि ट्यूबलाइट दोन्हीकडे बघणं पुरे.

आटण्याचंही इथेच पकडा. कापडावर ५० सेंटिमीटरच्या खुणा उभ्या-आडव्या करा, धुवा, वाळवा, पुन्हा मोजा. ४९ भरलं तर २ टक्के आटलं. मास्टरला तो आकडा पॅटर्नमध्ये धरायला सांगा. होजिअरीत आम्ही थान उलगडून २४ तास मोकळं पडू देतो, कारण ताणून गुंडाळलेलं कापड लगेच कापलं तर टेबलावर बरोबर आणि पिशवीत आखूड. तुमच्या पँटीच्या कापडात लायक्रा असेल तर तुम्हालाही हेच करावं लागेल.

मुक्ता_आई, ठाणे

धंद्यातली नाही, गणवेश विकत घेणारी आहे. दोन वर्षांपूर्वी मुलाच्या नव्या शर्टाच्या कॉलरच्या आत सुईचा तुटलेला शेंडा निघाला. मानेवर ओरखडा आला होता म्हणून चाचपून पाहिलं. दुकानदाराने शर्ट बदलून दिला आणि विषय संपला, पण मी अजून नवीन कपडा बोटांनी चाचपल्याशिवाय मुलाला घालत नाही. असं होऊ नये म्हणून कारखान्यात काही नियम असतो का?

बॉबिनवाली, पुणे जिल्हा

ताई, वाचून अंगावर काटा आला. नियम असतो, आणि तो साधा आहे. सुई तुटली की मशीन बंद. तुटलेले सगळे तुकडे शोधून एका वहीत चिकटपट्टीने लावायचे, तारीख, मशीन नंबर, कारागिराचं नाव. तुकडे जोडून पूर्ण सुई भरली तरच नवी सुई मिळते. एक तुकडा सापडला नाही तर आसपासचे सगळे नग वेगळे ठेवून चुंबक फिरवायचं, मोठ्या कारखान्यात धातूशोधक मशीनमधून काढायचे. कारागिराच्या टेबलावर जादा सुया ठेवायला बंदी. टाचण्याही नाहीत.

पण हे चालतं कधी? सुई तुटली म्हणून बाईचे पैसे कापत नाहीत तिथेच. पैसे कापले की बाई पदरची सुई आणते, गुपचूप बदलते, आणि तुकडा कुठे गेला ते कुणालाच कळत नाही. टाकेदार दादा, तुमच्याकडे सुईचे पैसे कापतात का?

टाकेदार, सोलापूर

कापत होतो, ताई. दोन सुयांनंतर तिसऱ्या सुईचे. आजपासून बंद.

लाइन_बॅलन्स, बेंगळुरू

इंडस्ट्रियल इंजिनिअर आहे. मशीनवरच्या तपासणीबद्दल एक भर घालतो.

शेवटच्या टेबलावरच्या तिघींपैकी सगळ्यात जाणत्या बाईला तिथून उठवा आणि लाइनमध्ये फिरायला लावा. आमच्याकडची रीत अशी : फिरती चेकर दिवसातून चार वेळा प्रत्येक मशीनशी जाते, नुकत्याच शिवलेल्यांतले ७ नग न निवडता उचलते. सातही चांगले तर मशीनवर हिरवं कार्ड. एक खराब तर पिवळं, आणि थोड्या वेळाने पुन्हा फेरी. दोन किंवा जास्त खराब तर लाल, मशीन तिथेच थांबतं, मेकॅनिक आणि सुपरवायझर दोघं येतात. दोष दहाव्या नगाला सापडतो, चारशेव्याला नाही.

रोज संध्याकाळी शंभर नगांमागे किती दोष सापडले ते फळ्यावर लिहा. नगांची संख्या वेगळी, दोषांची वेगळी, कारण एका पँटीत तीन दोष असू शकतात. दोषांची नावंही लिहा. तुमच्या १३१ मध्ये ५८ एकट्या छटेच्या होत्या, म्हणजे एका स्टिकरने जवळपास निम्मं दुखणं जातं. सगळ्या दोषांच्या मागे एकदम लागू नका, फळ्यावरचं सगळ्यात मोठं नाव आधी उचला.

एक कळकळीची विनंती : फळ्यावर दोषाचं नाव लिहा, बाईचं नाही. एका कारखान्यात कारागिरांची नावं लिहायला सुरुवात केली आणि आठवडाभरात आकडे एकदम सुंदर झाले. चेकर बायकांनी शेजारणींना वाचवायला दोष लिहिणंच सोडून दिलं होतं. माल मात्र तसाच परत येत होता.

कापूसगाठ, इचलकरंजी

फिरत्या चेकरचा पगार कुठून काढायचा? ६ मशीनवाल्याने काय करावं?

लाइन_बॅलन्स, बेंगळुरू

@कापूसगाठ, ६ मशीनला वेगळी व्यक्ती नको. तुम्ही स्वतः दोन फेऱ्या मारा, सकाळी काम सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने आणि जेवणाच्या सुट्टीनंतर. सुट्टीनंतरची चुकवू नका, कारण बॉबिन बदललेलं असतं, दोरा नव्याने ओवलेला असतो.

टाकेदार, सोलापूर

सर्वांचे आभार. तीन आठवडे झाले, काय केलं ते लिहितो.

मापपट्ट्या दर सोमवारी स्टीलपट्टीवर तपासतो, चुकीची लगेच कापतो. पदरांना स्टिकर सक्तीचं केलं. स्टिकर नसलेला गठ्ठा मशीनवरची बाई घेतच नाही, तो अधिकार तिला दिला. मास्टरला पहिले दोन दिवस राग आला. तिसऱ्या दिवशी एका बाईने गठ्ठा परत पाठवला आणि त्यात खरंच दोन लॉट मिसळलेले निघाले, तेव्हापासून तो स्वतः स्टिकर मोजतो.

गोधडी भिंतीवर आहे. २३ थानांची. त्यात ४ थानं इतकी वेगळी निघाली की कापडवाल्याला फोटो न पाठवता गोधडीच नेऊन दाखवली. त्याने थानं बदलून दिली.

सुईची वही सुरू झाली. पहिल्या आठवड्यात १९ सुया लागल्या. आधी महिन्याला १० सुद्धा नोंदल्या जात नव्हत्या, म्हणजे बाकीच्या कुठून येत होत्या ते बॉबिनवाली ताईंनी सांगितलंच आहे. १९ पैकी ११ एकाच मशीनच्या. मेकॅनिकने उघडून पाहिलं तर शटलचं टायमिंग चुकलेलं होतं आणि सुई आतल्या दोरा पकडणाऱ्या हुकला घासत होती. त्या मशीनवरची बाई चार महिने सांगत होती म्हणे.

फिरती चेकर म्हणून तिघींतल्या सर्वांत जुन्या मावशींना नेमलं, पगार वाढवून. पहिल्या दिवशी शंभर नगांमागे १४ दोष लिहिले गेले, काल ६. थांबलेल्या वेळाचे पैसे कसे मोजायचे ते अजून बसत नाही. सध्या मागच्या आठवड्याच्या सरासरी कमाईवरून तासाचा दर काढून देतोय. यापेक्षा बरी रीत कुणाकडे असेल तर सांगा.

बॉबिनवाली, पुणे जिल्हा

सरासरी एका आठवड्याची नको दादा, निदान चार आठवड्यांची धरा. एखाद्या आठवड्यात बाईचं मूल आजारी असतं.